मास्तरचं जेवण

आमच्या आक्कानं उभ्या जन्मात कुणाला उपाशी ठेवलं नाही. दारात येणाऱ्या गाईला भाकरी, खालच्या यंत्रमागावर राबणाऱ्या पोरांना ताक, गॅलरीत चिमण्यांना कण्या, सगळं वेळच्या वेळी. आणि तरीही तिच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत दोन जीव वाढत नव्हते. एक मी आणि दुसरा मास्तर. मास्तर म्हणजे सरडा. आम्ही सरडाच म्हणायचो. आक्काचा मुलगा सन्मतीदादा मात्र चिडायचा. हा सरडा नव्हे, बिअर्डेड ड्रॅगन आहे, ऑस्ट्रेलियाच्या रानातली जात आहे, असं तो बजावून सांगायचा. गळ्याखाली बारीक काट्यांची दाढी, राग आला की ती फुगून काळी पडायची, आणि तोंडावर सदैव वह्या तपासत बसल्याचा भाव. म्हणून मास्तर. नाव मीच ठेवलं. त्या घरात मी स्वतःच्या मनानं केलेली ती पहिली गोष्ट.

आक्का म्हणजे माझ्या पप्पांची थोरली बहीण. पप्पा गेले, आईला साताऱ्यात एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, राहायला दवाखान्यामागच्या चाळीतली एकच खोली मिळाली आणि ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. तेव्हा आक्का आली आणि म्हणाली, माझ्या भावाची पोर कुलपाआड राहणार नाही. आईनं डोळे पुसले आणि माझी बॅग भरली. मोठी खोली मिळाली की नेते, असं ठरलं होतं. मी सांगलीजवळ माधवनगरला आक्काकडं आले, शाळेत नाव घातलं, एक वर्ष गेलं, दुसरं लागलं, मोठी खोली काही मिळाली नाही. आई आणि आक्का यांच्यात भांडण असं कधी झालं नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. आई साताऱ्याकडची, तिच्या माहेरी वशाट, म्हणजे मटणमासळी, चालायचं. आक्का पक्की जैन, व्रतं पाळणारी. पप्पांनी लग्न केलं तेव्हापासून आक्का आईच्या हातचं पाणीही प्याली नव्हती. याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. कुणीच काही बोलायचं नाही, हीच त्या घराची रीत होती असं मला आता वाटतं.

आवाज होता तो फक्त मागांचा. खालच्या मजल्यावर दिवसभर खटाखट चालायची, फरशी बारीक थरथरायची, पाण्याच्या तांब्यावरचं फुलपात्र वाजत राहायचं. पाहुणे आले की कानावर हात ठेवायचे. मला उलट त्याची सोबत वाटायची. आठवड्यातून एकदा वीज बंद असायची तेव्हा माग थांबायचे आणि घर एकदम एवढं मोठं व्हायचं की मी उगाच पुस्तक मोठ्यानं वाचत बसायची. आक्का सकाळी बस्तीत जायची, म्हणजे आमच्या जिनमंदिरात, आली की स्वैपाक, मग निवडणं-टिपणं, मग जप. तिचं प्रेम ताटातून यायचं, तोंडातून नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, आमच्यात त्याला अंथऊ म्हणतात. शाळेतून येऊन मी दप्तर टाकते न टाकते तोवर ताट मांडलेलं. तेव्हा मला भूक नसायची. भूक लागायची ती दिवेलागण झाल्यावर, अभ्यासाला बसल्यावर. आक्का म्हणालीसुद्धा होती की पोरांना नेम नाही, लागलं तर मागून घे. पण ती माळ घेऊन शांत बसलेली आणि मी तिच्यासमोर कुडुमकुडुम चिवडा खायचा, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी पाणी पिऊन झोपायची. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावायचे आणि मी दोन्ही वर्षं पहिली उभी.

मास्तर आला तो असा. दादा बंगळूरला नोकरीला होता, तिथं त्यानं हे पिल्लू पाळलं. मग कंपनीनं त्याला परदेशी पाठवलं. जायच्या आधी तो काचेची पेटी, एक दिवा आणि मास्तर असं सगळं घेऊन आला. आक्का दाराच्या आतच उभी राहून म्हणाली, काय खातंय ते आधी सांग. दादा तिच्याकडं न बघता म्हणाला, पालाभाजी खातो. यात खोटं असं काही नव्हतं. हे जनावर मोठं झालं की मुख्यतः पालाच खातं. लहानपणी काय खातं, एवढंच त्यानं गिळून टाकलं, कारण ते सांगितलं असतं तर पेटी दारातूनच परत गेली असती. आक्काचा चेहरा खुलला. "पाला खातोय? मग आपल्यातलाच की," ती म्हणाली. पेटी माझ्या खोलीतल्या खिडकीशी, बंद तावदानाला लागून ठेवली. सकाळचं ऊन त्यावर छान यायचं आणि आम्हाला वाटायचं, झालं, याची सोय लागली.

त्याची आक्कानं केली तेवढी बडदास्त कुठल्या जावयाची झाली नसेल. चातुर्मास लागलेला. त्या दिवसांत आमच्या घरात पालेभाजी शिजत नाही, पावसाळ्यात पानापानावर जीव असतो म्हणून. पण मास्तरसाठी आक्का शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी आणायची. वेगळी विळी, वेगळी परात. आणि मग चष्मा लावून गॅलरीत बसायची ती निवडत. एकेक पान उलटंपालटं करायची. कुठं हिरवी अळी दिसली, मावा दिसला, की ते पान अलगद तोडून खालच्या कुंडीत सोडायची. या मुक्या जनावराच्या तोंडून नकळत पाप घडू नये, म्हणून ही सगळी काळजी. शिवाय संध्याकाळ झाली की पेटीवरचा दिवा बंद, कारण दिव्यावर पाखरं येतात आणि होरपळून मरतात. मी तिच्याशेजारी बसून पानं पुसायची. खरं सांगते, त्या घरातला माझा सगळ्यात सुखाचा वेळ तो होता. आम्ही फारसं बोलायचो नाही, पण दोघींचे हात एकाच परातीत असायचे.

एवढं करून मास्तर खायचा नाही. समोर हिरवागार ढीग असायचा आणि तो त्यावरून नजर फिरवून डोळे मिटायचा. कधी उपकार केल्यासारखं एखादं पान चघळायचा. आक्का त्याच्या तोंडाशी काकडीचा कीस न्यायची, भोपळा शिजवून मऊ करून द्यायची, जास्वंदीची पाकळी दाखवायची. वीतभर आला होता तो वीतभरच राहिला. माझी तर पाचावर धारण बसली होती. शाळेतनं आले की दप्तरासकट आधी पेटीशी जायची. बाईंनी काय विचारलं, मधल्या सुट्टीत कोण कुणाशी बोललं, सगळं मी त्याला सांगायची, कारण दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं. तोही मान तिरकी करून ऐकायचा. तो मेला तर मी कुणाशी बोलणार, हा माझा साधा सरळ प्रश्न होता. नंतर त्याच्या पायाची बोटं थरथरायला लागली आणि मी आक्काच्या पदराला धरून रडले. तोवर मी त्या घरात रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला वेताच्या टोपलीत घालून मिरजेला गुरांच्या डॉक्टरांकडं नेलं. बाकड्यावर दोन कुत्री, एक बोकड आणि आम्ही. डॉक्टर हसले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी अशा जनावरांवर काम करणाऱ्या मित्राला फोन लावला, बराच वेळ बोलले, मग मास्तरचा जबडा अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिला. तो मऊ झाला होता. हाडं भरत नाहीयेत, म्हणाले. काचेतनं येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, उघड्यावरचं ऊन पाहिजे. दिवा दिवसभर हवा, तोही खास प्रकारचा. कॅल्शियमची पूड द्या. हे सगळं आक्कानं मान डोलावत ऐकलं. मग ते जरा थांबले. आक्काच्या कपाळावरचं गंध, हातातली माळेची पिशवी, दोन्ही त्यांनी पाहिलं असणार.

"आक्का, हे पोर आहे अजून," ते म्हणाले. "मोठेपणी पाला खाईल. आत्ता याला किडे लागतात. नाकतोडे, अळ्या. त्याशिवाय हे वाढायचं नाही."

आक्का उठली. पदर सावरला, टोपलीचं झाकण लावलं आणि बाहेर आली. रिक्षात मी तिच्याकडं बघत होते, ती रस्त्याकडं. घरी आल्यावर तिनं बाकीचं सगळं तंतोतंत केलं. रोज सकाळी मास्तरला गॅलरीत उघड्या उन्हात ठेवायचं, मांजर येऊ नये म्हणून ती स्वतः काठी घेऊन बसायची. दादानं नवा दिवा मागवून दिला, आक्कानं त्याला भोवतीनं बारीक जाळी शिवली, पाखरू आत शिरू नये म्हणून. कॅल्शियमची पूड भोपळ्यात मिसळली. बोटांची थरथर थांबली, पण भूक काही आली नाही. दादाचा फोन आला, सुकवलेले किडे पाकिटात मिळतात, पाठवू का? आक्का म्हणाली, मेलेले असले तरी कुणीतरी मारलेलेच न्हवं. मग पुण्यातल्या माझ्या मित्राला देऊन टाक, तो म्हणाला. मी दाराआडून ऐकत होते. राहिला तर मरणार, जगवायचा तर जाणार, एवढं मला कळलं. मला आक्काचा राग आला आणि राग आल्याबद्दल लाजही वाटली. जी बाई गव्हातला किडा चिमटीत न धरता कागदावर चढवून बाहेर सोडते, तिच्याकडं मी काय मागणार होते?

मग तो दिवस. माग बंद होते, घर गपगार. आक्का गॅलरीत ज्वारी निवडत होती. जुनी ज्वारी, टोके झालेले. सुपात धान्य घोळलं की ते काळे किडे कडेला चढायचे, आक्का पिसानं त्यांना हळूच एका डब्यात लोटायची. त्या डब्यातही तिनं मूठभर ज्वारी घातलेली असायची, त्यांनी उपाशी मरू नये म्हणून, आणि नंतर तो डबा ती झाडाखाली रिकामा करायची. मास्तर शेजारी उन्हात पडला होता, डोळे अर्धे मिटून. एक टोका सुपावरून फरशीवर पडला आणि चालायला लागला. मास्तरनं डोळे उघडले. मान तिरकी केली. इतक्या महिन्यांत मी ज्याला चार पावलं चालताना पाहिलं नव्हतं तो मास्तर फरशीवरून सर्रकन धावला, जीभ निघाली, आणि टोका गेला. मग दुसरा. मग तो सुपाच्या कडेला पुढचे दोन पाय देऊन उभा राहिला आणि आत बघायला लागला. एवढी भूक मी कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

आक्कानं हात वर घेतले. पीस खाली पडलं. मला वाटलं, ती सूप ओढून घेईल. तिनं घेतलं नाही, आणि त्याला दिलंही नाही. ती नुसती बसून राहिली. मास्तर आणखी एक टिपून खाऊन, तोंड पुसल्यासारखं फरशीला घासून, उन्हात जाऊन आडवा झाला. मग ती बोलली, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे.

"मी पानं निवडत बसले गं. त्याचं अन्नच मी निवडून टाकत हुते."

त्या दिवशी ती दुपारचं जेवली नाही. देवापुढं बसली ती उन्हं कलेपर्यंत. उठली आणि फोन घेऊन तिनं साताऱ्याला लावला. आक्कानं आपण होऊन आईला केलेला तो पहिला फोन. तुझ्या खोलीमागं गवत हाय न्हवं, औषध मारत न्हाईत न्हवं, असं काहीतरी विचारलं. पलीकडनं आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती माझ्या खोलीत आली, कपाटातनं माझे कपडे काढून पलंगावर ठेवले आणि घड्या घालायला लागली. मी विचारलं, किती दिवसांसाठी? तिनं गणवेशाची बाही सरळ केली. "त्याला पाहिजे ते माझ्या घरात न्हाई," ती म्हणाली. "तुलाबी पाहिजे ते न्हाई. खोली बारकी आसू दे. आईजवळ ऱ्हा." मला उडी मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी तिच्या हातातली ती घडी बघून इतकं वाईट वाटलं की मी नुसतीच उभी राहिले.

सकाळच्या एसटीनं निघालो. टोपली आक्काच्या मांडीवर, तीत मास्तरला ऊब म्हणून फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. शेजारच्या सीटवरचे एक टोपीवाले आजोबा कराड येईपर्यंत टोपलीकडं बघत होते, शेवटी त्यांना राहवलं नाही. "आवं आक्का, काय हाय म्हणायचं ह्यात?" आक्का गंभीरपणे म्हणाली, मास्तर. आजोबांनी पुढं विचारलं नाही. कराडच्या स्टँडवर तिनं मला घरच्या दशम्या आणि चटणी दिली, गाळून आणलेलं पाणी दिलं. स्वतः काही खाल्लं नाही. मला मात्र त्या दिवशी सडकून भूक लागली होती, सगळ्या दशम्या मीच संपवल्या आणि आक्का डबा हातात धरून बघत राहिली.

आई स्टँडवर आली होती, रात्रीची ड्यूटी करून तशीच. मला जवळ घेतलं आणि लगेच सोडून आक्काच्या पाया पडली. खोलीवर गेलो. आक्का आत येते की नाही, असं मला झालं होतं. ती आली, खुर्चीवर बसली. आईनं कोपऱ्यातनं एक नवाकोरा तांब्याचा तांब्या पुढं केला. त्याच्या तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं अजून ओलं होतं.

"आक्का, नव्या फडक्यानं गाळलंय," आई म्हणाली. "कुणाचा हात लागल्याला न्हाई. पर तुमी न्हाई घेतलं तरी मला वाईट न्हाई वाटायचं."

आक्का तांब्याकडं बघत राहिली. मग तिनं फडकं सोडलं, तांब्या उचलला, वरूनच पाणी प्याली आणि म्हणाली, थंड हाय. आईनं तोंड वळवून कपाटाचं दार उगाच उघडलं आणि लावलं.

मागं पडीक रान होतं, कमरेएवढं गवत माजलेलं, वर अजिंक्यतारा. आईनं वाटी पालथी घालून एक हिरवा नाकतोडा पकडला. तिचे हात नर्सचे, एकदाही चुकले नाहीत. मी मास्तरला उन्हात दगडावर ठेवलं. आक्का दाराशी आली, आईच्या हातातली वाटी बघितली आणि आमच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. हात जोडलेले. ओठ हलत होते. त्या जीवासाठी ती काहीतरी म्हणत असणार. आईनं वाटी उचलली. मास्तर झेपावला. करकर आवाज झाला. मग दुसरा नाकतोडा, मग तिसरा, मागं न बघता तो खातच सुटला.

"खाल्लं का त्यानं?" आक्कानं पाठमोरंच विचारलं.

खाल्लं, मी म्हणाले. तिनं जोडलेले हात सोडले, पदरानं डोळे टिपले आणि चपला घातल्या. आई राहा म्हणाली, मी राहा म्हणाले, पण अंथऊच्या आत घरी पोचायचंय म्हणत ती निघाली. ती पोचली नसणार. सांगलीच्या गाडीला वाटेतच दिवस बुडाला असणार आणि ती तशीच उपाशी झोपली असणार, हे मला फार नंतर लक्षात आलं. रिकामी टोपली तेवढी तिनं परत नेली.

मास्तर वाढला. हातभर झाला, दाढी अशी आली की दादानंही फोटो बघून तोंडात बोटं घातली. पुढं दादाचं बोलणं खरं ठरलं, तो मुख्यतः पालाच खायला लागला. मीही वाढले. एका खोलीत तिघं, आई ड्यूटीला गेली की शेजारच्या मावशींचं लक्ष, संध्याकाळी उशिरा गरम भात. आक्काचा फोन रोज उन्हं उतरताना यायचा. आधी मास्तरचं विचारायची, मग माझं, मग ठेवते म्हणायची. पाठीमागं मागांची खटाखट ऐकू यायची आणि मला ते घर दिसायचं, गॅलरीतली परात दिसायची.

असाच एकदा फोन आला आणि मागं खटाखट नव्हती. वीज बंदीचा वार. आक्का म्हणाली, खाल्लं का मास्तरनं, मी म्हणाले खाल्लं. तू दुपारी जेवलीस काय? जेवले. ती ठेवणार तेवढ्यात आईनं माझ्या हातातनं फोन घेतला आणि विचारलं, आक्का, तुमी काय जेवला? मग आक्का म्हणाली, एकटीसाठी कुठं चूल पेटवायची, दूध घेते हल्ली. आईनं फोन ठेवला. बराच वेळ ती मास्तरला थोपटत बसली. मग मला म्हणाली, "शनवारी मला सुट्टी हाय. लवकर निघू. उन्हं हायत तवर पोचलं पायजे."